गुंतवळाची साक्ष

"केस घेताय, तर मग भांडं कुठंय?"

करंजटोकच्या समाजमंदिरात मी यंत्राची पेटी खाली ठेवली आणि पहिलाच प्रश्न हा आला. विचारणाऱ्या यमुनाबाई गांगुर्डे. पंचावन्न-छप्पन्न वय, द्राक्षाच्या बागेत उभा जन्म गेलेला आणि आवाज असा की लग्नातला बँड लाजावा. सगळ्या बायका खो खो हसल्या. आमच्या नाशिककडे केस गोळा करणाऱ्या बाया अजून गावोगाव फिरतात. विंचरताना गळलेलं गुंतवळ घ्यायचं आणि बदल्यात वाटी, चमचा, नाहीतर पिनांचं पाकीट द्यायचं. २०४१ साल उजाडलं, फवारणीला ड्रोन आले, तरी तो धंदा काही बसला नाही. त्यामुळे दोन डिग्र्या आणि एक पेटंट मिरवत आलेल्या डॉ. मृणाल टिपणीस यांचं, म्हणजे माझं, करंजटोकला बारसं झालं ते 'भांडेवाल्या म्याडम' या नावानं.

एरवी मला राग पटकन येतो. पण त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. माझं यंत्र पहिल्यांदाच माणसांच्या कामाला येणार होतं.

ते मुळात द्राक्षांसाठी केलेलं. युरोपात जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरला रेसिड्यू रिपोर्ट लागतो. मण्यात औषधाचा अंश किती उरलाय, याचा तो दाखला. औषध म्हणजे फवारणीचं विष, पण इकडे सगळे त्याला औषधच म्हणतात. पूर्वी नमुना लॅबला पाठवून वाट बघत बसावं लागायचं. माझी जेवणाच्या डब्याएवढी पेटी बागेतच उत्तर द्यायची. एकदा नमुन्याच्या खाचेत चुकून माझाच केस पडला, आणि पडद्यावर द्राक्षाऐवजी माझी गेली दोन वर्षं उमटली! कॉफी, डोकेदुखीच्या गोळ्या, सिगारेट सोडली तो महिना, सगळं ओळीनं. मी खुर्चीतून उडालेच.

केसाचं असं आहे. तो मुळाशी रक्तावर पोसला जातो आणि महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. त्या वेळी रक्तात जे काही असेल त्याचा कण केसात अडकतो तो तिथेच राहतो, केस मात्र पुढे सरकतो. म्हणून टोकाशी जुना काळ, मुळाशी नवा. माझं यंत्र लेसरनं केस टिंबाटिंबानं जाळत जातं, प्रत्येक टिंबाची वाफ तोलतं आणि कोणत्या काळात अंगात काय होतं ते सांगतं. कमरेपर्यंत वेणी असलेल्या बाईच्या डोक्यावर पाच-सहा वर्षांचा पुरावा असतो. पुरुषांचा पुरावा दर महिन्याला न्हाव्याच्या दुकानात झाडला जातो, त्याला माझा इलाज नाही.

आणि पुरावा हवा होता तो 'व्ही-सात' या नव्या औषधाचा. ऐन हिवाळ्यातलं ऊनसुद्धा इतकं कडक झालं होतं की मणी कोवळेपणीच करपायचे. व्ही-सातच्या पाण्यात घड बुडवला की तो तग धरायचा. वर आणखी एक सोय अशी की उन्हात ते पंधरवड्यात विरून जायचं, त्यामुळे द्राक्षांचा रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. घड बुडवण्याचं काम, म्हणजे डिपिंग, बायकांचं. हात वर करून मगात घड बुडवायचा, आणि पाणी मनगटावरून काखेपर्यंत ओघळायचं. द्राक्षावर ऊन पडतं, पण बाईच्या शरीराच्या आत ऊन पडत नाही. तिथं व्ही-सात विरत नसणार, असा माझा संशय होता.

मला बोलावलं होतं ॲडव्होकेट शकिला तांबोळींनी. बायका त्यांना वकीलताई म्हणत. दर मंगळवारी, बागांना सुट्टी असते त्या दिवशी, त्या समाजमंदिरात आंतरराष्ट्रीय कायद्याचा वर्ग घ्यायच्या. मी मनात म्हटलं होतं, ह्या बायकांना आंतरराष्ट्रीय कायदा? पहिला वर्ग बघितला आणि माझे मीच कान पकडले.

वकीलताईंची रीत साधी होती. बाईनं उभं राहून बोलायचं, आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी एकासुरात विचारायचं, "मग काय?"

"आमच्या हाताची सालटी निघतात."

"मग काय?"

"मग काय म्हंजे? आग होते!"

"मग काय? कोणी काय करायचं?"

बाई चिडायची, अडायची, पदर खोचायची आणि पुन्हा सुरू करायची. चिडत चिडतच ती मुद्द्यावर यायची. भारतानं १९९३ मध्ये स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा करार स्वीकारला. त्याचं कलम अकरा, पोटकलम एक, 'च' सांगतं की कामाच्या जागी बाईची तब्येत सांभाळली पाहिजे, आणि तिची मूल होण्याची क्षमतासुद्धा. सरकारनं हा शब्द दिलाय. तो पाळला जातोय का, हे जिनिव्हातली समिती ठरावीक वर्षांनी सरकारला विचारते. पण सरकारला विचारण्याआधी ती बायकांच्या संघटनांचं ऐकून घेते. दोन मिनिटं. तेवढ्यात सांगायचं.

या दोन मिनिटांची राणी होती रोशनी, यमुनाबाईंची सून. सत्तावीस वर्षांची, बारावी झालेली, बारीक चणीची. तिला "मग काय?" विचारायला बायका घाबरायच्या, कारण उत्तर आधीच तयार असायचं. "द्राक्ष परदेशात जाताना त्याची तपासणी होते. ते तोडणाऱ्या हाताची होत नाही. द्राक्षाला जेवढा मान आहे तेवढा आम्हाला द्या, जास्त मागत नाही." येत्या जुलैत भारताची पाळी होती; जिनिव्हाला कोण बोलणार, यावर मत घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. बायकांमधून दोघी जाणार होत्या, दुसरी जागा यमुनाबाईंनी स्वतःच घेतली. "मी जानार. सुनेला एकटीला इमानात बसवू व्हय?"

मग केस घ्यायचा दिवस आला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

सगळ्या बायका नटून आल्या होत्या. वेण्या काळ्याभोर, तुळतुळीत! आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून काळी मेंदी लावली होती. एकमेकींच्या डोक्याला, गाणी म्हणत, अगदी हळदी-कुंकवाच्या उत्साहात.

"का?" मी ओरडले.

"अहो, जिनिव्हाच्या बायका आमचे केस बघनार म्हन्ल्या ना तुमी," एकीनं सांगितलं. "पिकलेले दाखवायचे का?"

काळ्या मेंदीतली रसायनं केसाचा खवला उघडतात आणि आतलं बरंचसं धुऊन काढतात. रंगवलेला केस पुरावा म्हणून बाद होतो, जगातली कुठलीही लॅब तो घेत नाही. नवे केस यायला वर्षं गेली असती आणि समिती जुलैत बसणार होती. मी त्या बायकांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वकीलताई डोळे मिटून बसल्या. रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

यमुनाबाईंना माझं बोलणं भारी लागलं. त्या उठल्या, तरातरा घरी गेल्या आणि एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी माझ्या पुढ्यात आपटली. "घ्या! एवढ्या केसांसाठी कोकलताय. केसवालीसाठी ठेवलंय, तिला सांगंन औंदा न्हाई म्हनून."

पिशवीत गुंतवळ होतं. दिवाळीपासून साठवलेलं, मेंदी न लागलेलं, आणि गळलेला केस मुळासकट येतो! मुळात डीएनए असतो, म्हणजे प्रत्येकीच्या थुंकीच्या नमुन्याशी ताडून कोणाचा केस ते ठरवता येतं. कधी गळला हे माहीत नसलं तरी बिघडत नव्हतं, कारण दर वर्षीच्या डिपिंगला प्रत्येक केसात एक उंचवटा येणार होता आणि ते उंचवटे मोजले की वर्षं जुळणार होती. मी यमुनाबाईंना मिठी मारली. त्या गडबडल्या. "अहो, सोडा, लोक बघत्यात!" तासाभरात दारांमागच्या, फळीवरच्या, कोनाड्यातल्या पिशव्या समाजमंदिरात जमा झाल्या. बाहेर एखादी केसवाली असती तर ती हेवा करत मेली असती.

यंत्र आठवडाभर चाललं. माझा संशय खरा निघाला. व्ही-सात शरीरातून जातच नव्हतं. दर हिवाळ्यात एक डोंगर, आणि दर वर्षीचा डोंगर आधीच्यापेक्षा उंच. मी आणि वकीलताई टेबल वाजवत होतो, हसत होतो, एकमेकींना टाळ्या देत होतो. असा स्वच्छ पुरावा माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता.

मग गांगुर्ड्यांच्या घरची पिशवी निघाली. त्या एका पिशवीत सासू आणि सून, दोघींचे केस होते. डीएनएवरून ते वेगळे केले. यमुनाबाईंचा आकडा गावात सगळ्यांत वर होता, इतरांच्या दुप्पट. आणि रोशनीच्या केसात व्ही-सातच्या शेजारी एक दुसरी रेघ होती, तीन वर्षं न तुटलेली. ती गर्भनिरोधक गोळ्यांची होती.

मी रोशनीला एकटीला बागेत गाठलं. वेलींच्या मांडवाखाली ती काड्या बांधत होती. मी सांगितलं आणि तिच्या हातातली सुतळी खाली पडली.

"नवऱ्याला माहितीये," ती म्हणाली. "तोच वणीहून आणून देतो. आईंना नाही माहिती."

"पण का, रोशनी?"

"माझ्याबरोबर डिपिंग करणाऱ्या तिघींचं पोट पडलं, म्याडम. तिघींचं त्याच दिवसांत. एकीला तर मीच धरून होते." तिनं सुतळी उचलली. "औषधानंच झालं का, ते तुम्हाला कळेल कधीतरी. मी तोवर थांबणार नव्हते."

खरं होतं. व्ही-सात शरीरात राहतं हे मी सिद्ध केलं होतं. त्यानं गर्भ पडतो हे सिद्ध करायला आणखी कित्येक वर्षं लागणार होती.

"आणि तुझ्या सासूबाईंचा आकडा एवढा वर कसा? त्या काय वेगळं करतात?"

रोशनीनं माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न विचारल्याचा मला पश्चात्ताप झाला. "त्या अनवाणी असतात. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असं सप्तशृंगीला बोललेत. तीन वर्षं झाली. डिपिंगचं पाणी सांडलेल्या मातीत तशाच फिरतात, त्यांच्या पायाला भेगा आहेत." मग ती रडायलाच लागली. "माझ्यामुळं. सांगू कोणत्या तोंडानं? ते अहवालात नको, म्याडम."

त्या संध्याकाळी माझं आणि वकीलताईंचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होते, गोळ्यांची रेघ अहवालात हवीच. बायका भीतीनं मूल होऊ देत नाहीत, हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. वकीलताई शांतपणे म्हणाल्या, "केस तिचा आहे, मृणाल. ज्या कायद्यानं आपण भांडतोय, त्याच कायद्याच्या कुटुंबात आणखी एक करार आहे, नागरी हक्कांचा. त्याचं सतरावं कलम खाजगीपणाचं. ती 'नको' म्हणालीय, तर नको."

"पण आकडा झाकायचा? मी शास्त्रज्ञ आहे!"

"मग काय?" वकीलताई म्हणाल्या.

मी दार आपटून बाहेर गेले. फेऱ्या मारल्या. परत आले आणि रोशनीच्या केसातली ती रेघ अहवालातून काढून टाकली. तिला फोन करून तसं सांगितलंसुद्धा. ती "बरं" म्हणाली. पण तिच्या आवाजात सुटका ऐकू आली नाही.

जुलैत आम्ही जिनिव्हाला पोहोचलो. यमुनाबाई विमानतळाच्या संगमरवरावरून अनवाणी चालत गेल्या आणि एका पहारेकऱ्यानं हातवारे करून विचारल्यावर त्याला खणखणीत मराठीत "नवस हाये" असं सांगितलं. रोशनी त्यांच्या पायांकडे बघत चालली होती. सबंध प्रवासभर ती तेच करत होती.

सभागृह अर्धगोल. समोर समितीच्या सदस्या, आमच्यापुढे माइक, प्रत्येकीच्या कानात एक बारीक यंत्र. कोणी कुठल्याही भाषेत बोलो, कानात आपापल्या भाषेत ऐकू येतं. यमुनाबाईंना भारी मजा वाटली. "ती गोरी बाई मराठीत बोलती बघ!" त्या माझ्या कानात ओरडल्या, आणि चार देशांच्या प्रतिनिधी वळून हसल्या.

रोशनी उठली. हिरवा दिवा लागला. करंजटोकच्या त्या पोरीनं दोन मिनिटांत सभागृह जिंकलं. द्राक्षाचा मान, हातांची आग, केसांतले डोंगर, कलम अकरा. वकीलताई टेबलाखाली मुठी आवळून बसल्या होत्या.

मग एका सदस्येनं चष्मा वर केला. कुठल्याशा बेटावरची म्हातारी, फार प्रेमळ चेहऱ्याची. तिनं नेमकं तेच विचारलं. "औषध तुमच्या शरीरात आहे, हे दिसलं. पण हे पोटकलम मूल होण्याच्या क्षमतेबद्दल आहे. त्या बाबतीत तुमच्या आयुष्यात काय बदललं? अहवालात तसं काही सापडलं नाही."

अहवालातून ते मीच पुसलं होतं. मी रोशनीकडे बघितलं नाही. तिच्यावर माझ्या नजरेचंसुद्धा ओझं नको होतं.

रोशनीनं माइक जवळ ओढला.

"माझ्या केसात आणखी एक गोष्ट आहे. ती अहवालात नाही, कारण मी नको म्हटलं. तीन वर्षं मी मूल न होण्याच्या गोळ्या खातेय. मला मूल हवंय. पण माझ्या जोडीच्या बायकांचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मला त्या बागेत पोटुशी राहायची भीती वाटते. हे नवऱ्याशिवाय घरी कोणाला माहीत नाही. माझ्या सासूबाई माझ्या शेजारी बसल्यात. नातवंडासाठी त्या तीन वर्षं अनवाणी चालतायत, आणि त्या पायांतून तेच औषध त्यांच्या अंगात जातंय. सगळ्यात जास्त त्यांच्याच अंगात आहे. काय बदललं, असं विचारलंत ना? हे बदललं. आमच्या घरात आम्ही एकमेकींना खरं सांगू शकत नाही."

लाल दिवा लागला. यमुनाबाईंच्या कानात यंत्र होतं, पण त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका लहान झाला होता.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आभारी आहोत. वेळ संपली आहे."

"थांबा," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या हातून माइक घेतला. वकीलताई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

"मी हिची सासू. मला आत्ताच कळलं, तुमच्याबरूबरच. मला राग आलाय. लई राग आलाय. पन तो आमच्या घरचा राग हाये, तो आमी घरी बघू. त्याच्यात तुमचं काम न्हाई." त्यांनी श्वास घेतला. "पर माझ्या सुनेला आई व्हायची भीती वाटली, ते काय घरचं न्हाई. ती भीती बागेतून आली. ते तुमी बघा."

अध्यक्षीणबाईंनी माइक बंद करायला पुढे केलेला हात तसाच राहिला. मग त्या सावकाश बोलल्या आणि माझ्या कानात मराठी शब्द पडत गेले. "उद्या सकाळी तुमच्या सरकारचे प्रतिनिधी इथे बसतील. त्यांना विचारायचा आमचा पहिला प्रश्न हाच असेल."

पहिला प्रश्न! वकीलताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तीस वर्षांच्या वकिलीत त्या कधी रडल्या नसतील, आता मात्र रडत होत्या, आणि मी निर्लज्जपणे नाचत बाहेर आले.

बाहेर लांबलचक कॉरिडॉरमध्ये सासू-सुनेचं भांडण जुंपलं होतं. "तीन वरीस! मला म्हन्ली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं?" "तुम्ही ऐकलं असतं?" "न्हाई ऐकलं असतं! तरी सांगायचंस!" पहारेकरी घाबरून आमच्याकडे बघत होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, असू दे. दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून भांडत होत्या.

जरा वेळानं यमुनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि वकीलताईंकडे वळल्या. "उद्या आपल्याला आत बसू देतील का?"

"ऐकायला बसता येतं. बोलता येत नाही."

"नका बोलू देऊ. मी नुसती बघनार हाये, त्या साहेबांच्या तोंडाकडं." त्यांनी रोशनीचं मनगट धरलं आणि चालायला लागल्या. "म्होरल्या रांगेत बसू. अन् तू माझ्याशेजारी बसायचंस. माझं बोलून झालेलं न्हाई अजून."